अंतर किलोमीटरचे, प्रवास तासांचा

प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात माझी वीस वर्षे गेली. तिथे किलोमीटर हाच देव. विमानप्रवासात मात्र हा देव नवसाला पावत नाही.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हेच उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने वाढून 15,300 झाली, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. "पृथ्वी खालून फिरते ना!" असे काहीजण सांगतात. ते खरे नव्हे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते. खरे कारण उंचावरचे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. पाठीशी घेतले तर मदत, समोरून आले तर अडथळा. आमच्या तारवटींना हे शिकवावे लागत नाही.

उलट एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. विमानतळ तेच, नकाशावरचे अंतर तेच. तास मात्र वाढले. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले.

गोव्यातून कितीतरी म्हातारे आईवडील परदेशी मुलांकडे जातात. संगणकावरचा आकडा पाहून त्यांना "एवढेच तास" असे सांगणे मला पटत नाही. चोडणची फेरीबोट मांडवी काही मिनिटांत ओलांडते. धक्क्यावरचे ताटकळणे कोण मोजतो? आपल्या उंबरठ्यापासून मुलाच्या दारापर्यंतचे तास मोजा, मधले थांबे विचारा. तिकीट मग काढा.