शोधनिबंध मोजायचे की तोलायचे?

संशोधक किती मोठा, हे आज आकड्यांवर ठरतं. किती शोधनिबंध छापले, इतरांनी त्यांचा उल्लेख किती वेळा केला, एच-इंडेक्स किती. हा निर्देशांक जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला. एच-इंडेक्स ३० म्हणजे त्या माणसाच्या ३० निबंधांना प्रत्येकी किमान ३० उल्लेख मिळाले. हिशेब सोपा, म्हणून नेमणुकीत, बढतीत, अनुदानात तोच पुढे केला जातो.

आपल्या परंपरेत इल्म असं मोजलं जात नव्हतं. हदीसच्या इमामांनी इस्नाद पाहिली, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी. प्रत्येक रावी सच्चा होता का, त्याची आठवण पक्की होती का, ज्याचं नाव सांगतो त्याला तो भेटला तरी होता का, हे तपासलं. त्यातून अस्मा-उर-रिजाल हे स्वतंत्र शास्त्र उभं राहिलं. एखादी गोष्ट बाजारात सगळ्यांच्या तोंडी आहे, एवढ्यावर ती सहीह ठरत नसे. शोधनिबंधाखालच्या संदर्भांचं कामही खरं तर हेच आहे. आपण मात्र साखळीतल्या कड्या मोजतो, त्यांची मजबुती पाहत नाही.

कॅन्सरवरच्या कार-टी उपचाराचं उदाहरण घ्या. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांत नवा जनुक घालून कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या. या कल्पनेचा एक पायाभूत निबंध १९८९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आला. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीवर हा उपचार झाला आणि ती बरी झाली. अमेरिकेत औषध म्हणून मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. कागदापासून दवाखान्यापर्यंत अठ्ठावीस वर्षं लागली.

आपल्याकडे हे काम आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केलं. पुरवार यांचा टी-पेशी आणि त्वचेच्या कॅन्सरवरचा निबंध २०१२ मध्येच 'नेचर मेडिसिन'मध्ये आला होता. मोजणीच्या खेळात तसेच निबंध लिहीत राहणं सोपं होतं. त्यांनी उपचार इथेच तयार करण्याचा रस्ता धरला. २०२१ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये 'नेक्सकार१९'ला मंजुरी मिळाली. किंमत परदेशातल्या सुमारे एक दशांश, तरीही ती तीस लाखांच्या घरात. कांद्याच्या भावावर वर्ष काढणाऱ्या देवळ्याच्या शेतकऱ्याला हा आकडा परवडणारा नाहीच, पण त्यामुळे कोटींची गोष्ट निदान लाखांत आली. हे यश कोणत्या निर्देशांकात बसवायचं?

या चाचणीचा निबंध २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी'त आला. सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. पण ज्यांना आला नाही, ज्यांचा आजार उलटला, कोणते दुष्परिणाम झाले, तेही त्यात आहे. माझ्या लेखी ही त्या निबंधाची खरी कमाई आहे, कारण अपयश लिहिणारा रावी भरवशाचा असतो. आपल्या मोबाईलवर फिरणाऱ्या 'कॅन्सरवर रामबाण' संदेशांत अपयश कधीच नसतं, आणि त्यांना सनदही नसते. तरी कसमादे पट्ट्यात घराघरांत पोचतात ते हेच संदेश. त्यांच्यावर भरवसा ठेवून चालू उपचार अर्ध्यावर सोडले जातात, आणि मग मुंबईला टाटात पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

दोष फक्त भोळेपणाचा नाही. खरी माहिती इंग्रजीत आहे आणि खोटी मराठीत, उर्दूत. नेक्सकार१९ फक्त बी-पेशींच्या काही रक्ताच्या कॅन्सरवर आहे. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर ते नाही. एवढी एक ओळ जरी आपल्या भाषेत पोचली, तरी कोणी त्या नावाखाली कुणाला लुबाडणार नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक वैद्यकीय शोधनिबंधाचा एक पानी सारांश राज्याच्या भाषेत आणि उर्दूत निघावा. त्यात काय साधलं याबरोबर काय साधलं नाही हेही असावं, आणि संशोधकाच्या मूल्यमापनात त्याला गुण मिळावेत. ते पान वाचून दाखवण्याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आणि मशिदीतल्या इमामसाहेबांचीही. जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं त्यासाठी काढता येतील.

माणूस गेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं, त्यात लोकांच्या उपयोगी पडणारं इल्म आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अट उपयोगी पडण्याची आहे. किती जणांनी उल्लेख केला, ही अट त्यात नाही.