व्यवसाय : खाणावळ

आपल्याकडे एखादी म्हातारी बाई गेली की तिच्यासाठी तीन शब्द तयारच असतात. कष्टाळू, सोशिक, मायाळू. फोटोखाली हेच, दहाव्याला जमलेल्यांच्या तोंडीही हेच. यातला मधला शब्द मला अलीकडे फार खटकायला लागलाय.

निमित्त झालं आमच्या कुलवृत्तांताचं. एका चुलतभावाने हौसेने घराण्याची माहिती गोळा करायला घेतली आहे. कच्चा तक्ता सगळ्यांना पाठवला. आजोबांच्या नावापुढे 'गिरणी कामगार', काकांपुढे 'शिक्षक', आणि आजीपुढे? 'गृहिणी'!

आता माझी आजी गृहिणी होती का? लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ती बावीस मेंबरांची खाणावळ चालवायची. ज्यांनी गिरणगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष बायकापोरं गावाला ठेवून गाळ्यात राहायचे. एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, पाळीपाळीने झोपायचे. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणजे जेवणंही तीन पाळ्यांत. आजी चारला उठायची, कारण पहिल्या पाळीवाल्यांना सातच्या आत गेटवर पोचायचं असायचं. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, त्यांची ताटं वाढून झाली की मग अंग टाकायचं. दुपारी तासभर डोक्याखाली पाट घेऊन झोप. बस्स.

आणि हिशेब? तिला अक्षर वाचता येत नव्हतं. भिंतीवर प्रत्येक मेंबराची एक ओळ, कोळशाने. जेवला की उभी रेघ, खाडा झाला की फुली. दहा तारखेला गिरणीचा पगार झाला की वसुली. आत्या सांगते, एकदा एक जण म्हणाला, "मावशे, दोन रेघा जास्त हायेत." आजी म्हणाली, "एकादशीला साबुदाणा खाल्लास त्यो कुनाच्या घरचा?" विषय संपला.

हे सोसणं आहे का हो? हा धंदा आहे. भांडवल, उधारी, वसुली, गिऱ्हाईक टिकवणं, सगळं आहे त्यात. फक्त ते चुलीपाशी होतं आणि करणारी बाई होती, म्हणून कुणी त्याला धंदा म्हटलं नाही.

भांडवलाचं दुखणं मात्र खरं होतं. वाण्याकडे उधारी, नाहीतर सावकाराकडे दागिना. बँकेच्या दारात या बायकांना कोण उभं करणार? तारण काय, तर पोळपाट-लाटणं! 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. बायकांनी गट करून एकमेकींची हमी द्यायची आणि त्यावर राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज द्यायचं. आज बचत गट गावोगावी आहेत, त्यामुळे यात नवल वाटत नाही. तेव्हा होतं. पुरव यांना 2002 साली पद्मश्री मिळाली. आजीही अशाच एका गटात होती. त्या कर्जासाठी ती सही करायला शिकली, आणि पुढे आयुष्यभर अंगठा म्हणून उठवला नाही. पासबुक तिच्या ट्रंकेत, किल्ली कमरेला.

मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. या संपावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण खाणावळवाल्यांवर फार कमी. पगार बंद झाला तो गिरणीत, पण भिंतीवरच्या रेघा कुणी भरायच्या? आजीने चार महिने जेवू घातलं. मंगळसूत्रातले दोन मणी तेवढे ठेवून बाकी सोनं गहाण पडलं. मग एकेक जण गावाला निघून गेला. तिने एकालाही अडवलं नाही, उलट प्रत्येकाच्या हातात भाकरी-चटणीचं गाठोडं दिलं. पण भिंत मात्र पुसली नाही, हेही सांगायला हवं! तीन-चार वर्षांनी एक जण गावाहून तांदळाचं पोतं घेऊन आला, तेव्हा तिने त्याची ओळ पुसली आणि त्याला जेवायला बसवलं.

मला वाटतं तिची माया अशी होती. हिशेब ठेवणारी, तरी दार बंद न करणारी. हिशेब ठेवला की माया कमी होते असं आपण बायकांच्या बाबतीतच का धरून चालतो? पुरुषाला आपण 'व्यवहारी पण दिलदार' म्हणतो ना?

संपानंतर तिने ऑफिसवाल्यांना पोळी-भाजीचे डबे सुरू केले. मुलं मिळवती झाल्यावर म्हणाली असतील, "आई, आता पुरे." तिचं उत्तर ठरलेलं, "उसनं घ्यावं, पन मिंधं होऊ न्हाई." गणपतीला डोंबिवलीला यायची, पाचव्या दिवशी परत आपल्या खोलीत. येताना आम्हा नातींच्या हातात पन्नासाची नोट, "ही तुझी. नवऱ्याला बी सांगायची न्हाई." तेव्हा मी आठ वर्षांची!

सोशिक म्हटलं की बाईवर आयुष्य येऊन आदळलं आणि तिने ते मुकाट झेललं असं चित्र उभं राहतं. शिवाय ते आपल्याला सोयीचं असतं. सोसणाऱ्याला नमस्कार केला की भागतं, काम करणाऱ्याचं देणं लागतं. आजोबांचे सहा महिन्यांचे पगार बुडाले तेव्हा काकांची फी भरली ती याच खाणावळीने. मग त्या घरात कमावतं कोण होतं?

तर काका, आत्या आणि समस्त भावंडांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. वृत्तांत छापायला जाण्याआधी तो एक शब्द बदलूया. 'व्यवसाय : खाणावळ'. आणि तुमच्याही घराण्याचा असा तक्ता असेल तर 'गृहिणी' लिहिलेल्या नावांवरून एकदा बोट फिरवून बघा. कुणी शिवणकाम केलं असेल, कुणी पापड लाटले असतील, कुणी म्हशी राखल्या असतील. त्यांना ओळखणारी माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या.