रसिकांची निष्ठा आणि कलावंताचे स्थित्यंतर

आवडत्या गायकाने आपली रीत पालटली की जुन्या चाहत्यांच्या कपाळाला आठी पडते, हा अनुभव आजचा नव्हे. 'सौभद्रा'च्या सुबोध चालींवर पोसलेल्या कानांपुढे १९११ साली 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरीची नखरेल वळणे आणिली. १९१६ साली 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी ख्यालाचे भारदस्त अंग दाखविले. आणि १९६४ साली 'मत्स्यगंधे'त जितेंद्र अभिषेकी यांनी पुन्हा निराळीच वाट धरिली. अशा प्रत्येक वळणावर रसिकाला एकच प्रश्न सोडवावा लागतो. आपली निष्ठा चालीशी आहे, की ती चाल ज्या मनातून निघाली त्या मनाशी?

या प्रश्नाचा विचार आज आम्ही एका परक्या उदाहरणावरून करणार आहो. विलायतेतील 'द हू' या वाद्यवृंदाचे नाव घरातील वडील मंडळींच्या कानावर कदाचित आले नसेल. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ते ठाऊक असण्याचा संभव आहे. हे उदाहरण घेण्याचे कारण असे की, या वृंदाच्या इतिहासाचा एक धागा आपल्या नगर जिल्ह्यात येऊन पोहोचतो.

रॉजर डाल्ट्री, पीट टाउनशेंड, जॉन एन्टविसल आणि कीथ मून या चार तरुणांचा हा वृंद लंडनात १९६४ साली उदयास आला. १९६५ च्या 'माय जनरेशन' या गीतात त्यांनी वार्धक्याची यथेच्छ टर उडविली. खेळाच्या शेवटी टाउनशेंड आपली गिटार रंगमंचावर आपटून फोडीत असे. जिम मार्शल नामक व्यावसायिकाकडून त्यांनी शंभर वॅटचे ध्वनिवर्धक मुद्दाम करवून घेतले. पुढे 'हेवी मेटल' म्हणून जे प्रचंड नादाचे संगीत प्रसिद्धीस आले, त्याला अशाच साधनांचा आधार मिळाला. १९७६ साली लंडनातील चार्लटन येथील त्यांच्या मैफलीचा आवाज १२६ डेसिबल मोजला गेला व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांत झाली.

आता दुसरे टोक पाहा. अहिल्यानगर शहराच्या दक्षिणेस, अरणगावाजवळ, मेहेराबाद आहे. १८९४ साली पुण्यात एका इराणी कुटुंबात जन्मलेले आणि साकोरीच्या उपासनी महाराजांचा सहवास लाभलेले मेहेरबाबा यांची समाधी तेथील टेकडीवर आहे. बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरिले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडिले नाही. आरंभी ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. १९५४ पासून तीही सोडून केवळ हातवाऱ्यांवर भागवू लागले. अशा मौनी पुरुषाचा अनुयायी व्हावा कोणी, तर हा गिटार फोडणारा टाउनशेंड! मादक द्रव्यांनी साक्षात्कार होत नाही, हा बाबांचा इशारा त्याने मानला, आणि १९७२ साली तो मेहेराबादेस समाधीच्या दर्शनासही येऊन गेला.

या ओढीचा परिणाम त्याच्या रचनेवर झाल्यावाचून राहिला नाही. १९६९ च्या मे महिन्यात 'टॉमी' ही दोन तबकड्यांची संगीतकथा प्रसिद्ध झाली. तिच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव आहे. तिचा नायक ऐकत नाही, बोलत नाही, पाहत नाही. म्हणजे या गोंगाटाच्या मध्यभागी एक निःशब्द मुलगा बसलेला आहे. काही टीकाकारांनी ही कल्पनाच अभिरुचीला सोडून ठरविली. तीन मिनिटांच्या चुरचुरीत गीतांना सरावलेल्या श्रोत्यांना सव्वा तासाचे कथानक पचवावयाचे होते. त्यांनी ते पचविले. १९७० साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'टॉमी' सादर झाली. विशेष असे की, त्याच वर्षीची लीड्स विद्यापीठातील मैफलीची तबकडी ऐकावी, तो जुना आवेश तसाच आढळतो. कलावंत पुढे गेला म्हणजे मागचे घर मोडतोच असे नाही.

पुढे 'लाइफहाउस' नामक मोठा संकल्प तडीस गेला नाही. त्याच्या साहित्यातून १९७१ साली 'हूज नेक्स्ट' ही तबकडी निघाली व ती चाहत्यांच्या विशेष आवडीची झाली. तिच्यातील पहिले गीत 'बाबा ओरायली'. मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांची ही जोड होय. आरंभी विद्युत ऑर्गनवर एक लहानशी स्वराकृती भिरभिरत राहते. मग पियानो, मग ड्रम, मग गायन, असे एकेक अंग तिला येऊन मिळते. लेहऱ्याचे आवर्तन अखंड चालू असता तबलजी त्यावर आपला विस्तार मांडतो, त्याची आठवण येथे व्हावी. शेवटी व्हायोलिन येते आणि लय चढत जाते. जोर पूर्वीचाच आहे. पण तो आता कशाभोवती तरी फिरतो आहे.

चाहत्यांनी ओळखावयाचे ते हेच. बाजाराचा कल पाहून केलेला पालट आणि आतून आलेले स्थित्यंतर यांतील भेद एका श्रवणाने कळत नाही. त्यासाठी जुने चांगले ठाऊक असावे लागते आणि नव्याला अवधी द्यावा लागतो. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत नव्या कवीची बाजू सूत्रधाराला मांडावी लागली. तेथे कवी कालिदास होता, हे विसरू नये. मात्र रसिक म्हणजे भाट नव्हे. न आवडलेली रचना न आवडली म्हणण्याचा त्याला अधिकार आहे. फक्त ती ऐकल्यानंतर.

आमच्या परिचयाच्या एका घरी अशाच संगीतावरून आजोबा व नातू यांच्यात चार महिने अबोला आहे. एक म्हणतो गोंगाट, दुसरा म्हणतो रडगाणे. आणि दोघांनीही एकमेकांचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकिलेले नाही. वाचकहो, आपल्या घरी असे असल्यास एका रविवारी 'स्वयंवरा'तील एक पद आणि 'बाबा ओरायली' लागोपाठ लावावे, व संपेपर्यंत कोणी उठू नये. आवाज मात्र बेताचा असावा; स्वतः टाउनशेंडच्याच श्रवणशक्तीस या नादाने इजा झालेली आहे. इतके केल्यावरही मतभेद उरल्यास खुशाल उरू द्यावा. ऐकून झालेला मतभेद अबोल्यापर्यंत जात नाही, असा आमचा विश्वास आहे.