कूस बदलताना कळ येते?

सातवा-आठवा महिना लागला, की कित्येकींना रात्री कूस बदलणं नकोसं होतं. जांघेत, ओटीपोटाखालच्या हाडात किंवा कमरेच्या खाली मागच्या बाजूला अशी कळ येते, की डोळ्यांत पाणी उभं राहतं. आमच्या परंड्यात यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "अगं, दिवस भरत आले की दुखायचंच!" मग ती बिचारी गप्प बसते. मैत्रिणींनो, गप्प बसू नका. पाच गरोदर बायकांत साधारण एकीला हा त्रास होतो, आणि त्यावर उपाय आहेत.

कटीची हाडं पुढे एका आणि मागे दोन सांध्यांनी जोडलेली असतात. गरोदरपणात हे सांधे सैलावतात, त्यात पोटाचं वजन वाढतं. एकाच पायावर भार आला किंवा पाय फाकले, की कळ येते. बाळाला मात्र त्यानं अपाय होत नाही.

तेव्हा एवढं सांभाळा. परकर, सलवार बसूनच घाला. कळशी कमरेवर नको, थोरल्या लेकरालाही काही दिवस कडेवर घेऊ नका. उकिडवं बसून केर-फरशी, धुणं टाळा. स्वयंपाकाला ओट्याशी स्टूल घ्या. शाळेत शिकवणाऱ्या आपण बायकांनी तासही खुर्चीवर बसून घ्यावेत. झोपताना कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा, वळताना गुडघे जुळलेले असू द्या. रिक्षात आधी बसा, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी टाका. मात्र दिवसभर पडून राहू नका. झेपेल तेवढं हिंडा-फिरा.

दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. काही वेदनाशामकं या दिवसांत बाळाला बाधतात. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून ही सोय आहे. तिथं हे दुखणं स्पष्ट सांगा, व्यायाम आणि कमरेच्या पट्ट्याबद्दल विचारा. बाळंतपणाच्या वेळीही गुडघे किती फाकवता येतात, ते डॉक्टरांना आणि नर्सबाईंना आधीच सांगून ठेवा.

पण अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक वेळानं कळा येऊ लागल्या, ताप आला, लघवीला जळजळ झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करा.

बहुतेकींचं हे दुखणं बाळंतपणानंतर हळूहळू ओसरतं. तोवर घरातल्यांनी हातभार लावायला हवा. म्हणून हे पान सासूबाईंना आणि यजमानांनाही वाचायला द्या. घागर कुणी उचलायची, ते मग त्यांनाच ठरवू द्या!