वारा गोळा करणारा माणूस

गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या की कॉलेजात गिटारी दिसू लागतात. यंदा एका विद्यार्थ्याने स्वतः चाल बांधलेलं गाणं ऐकवलं. चाल छान होती, पण शब्द इंग्रजी. या पोराच्या घरी वडील मराठी बोलतात, आई कन्नड. मी म्हटलं, "अरे, घरात दोन-दोन भाषा असताना तिसरी कशाला?" तो म्हणाला, "सर, मराठीत म्हटलं की भजन वाटतंय, कन्नडात म्हटलं की सिनेमातलं. गिटारीला इंग्लिशच बरं पडतंय बघा."

मला त्याचं हसू आलं नाही. हाच प्रश्न पन्नासएक वर्षांपूर्वी जपानी पोरांना पडला होता. त्याचं उत्तर ज्यांनी गाऊन दिलं, त्यांत हारुओमी होसोनो हे एक.

होसोनो यांचा जन्म १९४७ सालचा, टोकियोतला. युद्ध हरलेल्या जपानमध्ये तेव्हा अमेरिकन फौज मुक्कामाला होती. फौजेच्या रेडिओवरची गाणी जपानी घरांतही ऐकू येत. ती ऐकतच होसोनो वाढले. पुढे ताकाशी मात्सुमोतो, एइची ओताकी आणि शिगेरू सुझुकी यांच्याबरोबर त्यांनी 'हॅपी एंड' नावाचा बँड काढला. नाव इंग्रजी, पण गाणी जपानीत गायची असा गीतकार मात्सुमोतो यांचा आग्रह.

यावरून १९७०-७१च्या सुमारास मोठा वाद झाला. युया उचिदा यांच्यासारख्या गायकांचं म्हणणं, जपानी भाषा रॉकच्या तालात बसत नाही, आणि जगात पोचायचं तर इंग्रजीच हवी. यातली पहिली अडचण आपल्या वाचकांना चटकन कळेल. कन्नडात बसचं 'बस्सु' होतं, कारचं 'कारु' होतं. जपानीतही शब्दाच्या शेवटी बहुधा स्वर येतो. तिथे बस म्हणजे 'बासु' आणि रॉक म्हणजे 'रोक्कु'. इंग्रजीत एका ठोक्यात संपणारा शब्द जपानीत तीन ठोके मागतो. मग ताल सांभाळायचा कसा?

'हॅपी एंड'ने वाद घालत बसण्यापेक्षा शब्द मोडून पाहिले. कुठे मधेच तोडले, कुठे ताणले. १९७१ साली त्यांचा 'काझेमाची रोमान' हा अल्बम आला. १९६४च्या ऑलिंपिकसाठी टोकियोचा कायापालट झाला, त्याआधीच्या जुन्या शहराची आठवण त्यात आहे. त्यातल्या 'काझे ओ आत्सुमेते', म्हणजे 'वारा गोळा करून', या गाण्याचे शब्द मात्सुमोतो यांचे, चाल आणि आवाज होसोनो यांचा. आवाज अगदी साधा, ओसरीवर बसून गुणगुणल्यासारखा. २००३ साली 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या इंग्रजी चित्रपटात हेच गाणं घेतलं गेलं आणि जगभर पोचलं. तेही जपानी शब्दांसकट!

इथेच थांबले असते तर होसोनो 'भाषाभिमानी' म्हणून फोटोत जाऊन बसले असते. पण बँड १९७२ साली मोडला आणि ते पुढे निघाले. १९७३ साली सायामा इथल्या घरातच त्यांनी 'होसोनो हाऊस' ध्वनिमुद्रित केला. ती वस्ती मूळची अमेरिकन लष्करी कुटुंबांसाठी बांधलेली. मग बेटांवरच्या संगीताचा नाद लागला. भारताचा प्रवास झाला, त्यात पोट बिघडून हाल झाले. १९७८च्या 'कोचीन मून'मध्ये कीबोर्डच्या यंत्रांतून तो प्रवास उतरला. त्यातल्या एका तुकड्याचं नावच 'हेपटायटिस'! आजारपणाचंही गाणं करणारा माणूस हा.

त्याच वर्षी र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्याबरोबर त्यांनी 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' सुरू केला. मार्टिन डेनी नावाचे एक अमेरिकन वादक मनातल्या कल्पनेने 'पूर्वेकडचं' संगीत रचत. त्यांचीच 'फायरक्रॅकर' ही रचना या तिघांनी सिंथेसायझरवर वाजवली. पाश्चात्त्यांनी रंगवलेली पूर्व पूर्वेनेच यंत्रावर वाजवून परत पाठवली, असा तो मिश्कील प्रकार. आणि गंमत म्हणजे या बँडची बरीच गाणी इंग्रजीत होती. जपानीत रॉक होतं हे दाखवून झाल्यावर होसोनो यांना इंग्रजीचं वावडं उरलं नव्हतं. पूर्वी इंग्रजी ही अट होती, आता ती निवड झाली. मला यातला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

पुढे त्यांनी मात्सुदा सेइको या लोकप्रिय गायिकेला चाली दिल्या, चित्रपटांना संगीत दिलं. २०१८ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या 'शॉपलिफ्टर्स'चं संगीत त्यांचंच. २०१९ साली त्यांनी आपला १९७३चा अल्बम 'होचोनो हाऊस' या नावाने नव्या यंत्रांवर पुन्हा केला. २०२३ साली ताकाहाशी आणि साकामोतो दोघेही गेले. तिघांतले होसोनो तेवढे मागे राहिले.

आपल्याकडे हे नवं नाही. गदग भागातले भीमसेन जोशी मराठी अभंग गात आणि कन्नड दासांची पदंही गात. दोन्हीकडच्यांना ते आपलेच वाटत. पण आजच्या पोराला गिटार हातात घेतल्यावर घरची भाषा ओशाळवाणी वाटते, आणि त्याचा दोष त्याला एकट्याला कसा द्यायचा? घरात पाहुणे आले की मुलाला इंग्रजी कविता म्हणायला लावणारे आपणच.

त्या विद्यार्थ्याला मी 'बस्सु' आणि 'बासु'ची गोष्ट सांगितली. तो खो खो हसला. परवा व्हरांड्यात भेटला. म्हणाला, "सर, ध्रुवपद कन्नडात बसलंय. कडवं मराठीत करतोय, पण दुसरी ओळ काही केल्या तालात येईना."

मी म्हटलं, "मोडून बघ."