छतावरचे पाणी वाया घालवू नका

चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १,४०० मिमी पाऊस पडतो. तरीही जून २०१९ मध्ये शहराला पाणी पुरवणारे मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि गृहिणींना घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभे राहावे लागले. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पावसाचे पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. ही सोय थोड्या खर्चात घरीही करता येते.

● २०० लिटरचे जुने, स्वच्छ प्लॅस्टिकचे पिंप घ्या. रसायनांचे नको.

● तळाशी मोठी खडी, त्यावर बारीक खडी आणि वर धुतलेली जाड रेती भरा. थरांमध्ये नायलॉनची जाळी घाला.

● गच्चीचा पाइप पिंपात सोडा. तळाजवळच्या नळीने पाणी विहिरीत किंवा शोषखड्ड्यात न्या.

● पहिल्या पावसाचे पाणी बाहेर जाऊ द्या. त्यात गच्चीवरची धूळ असते.

● डास होऊ नयेत म्हणून पिंप झाकून ठेवा. दरवर्षी ऑक्टोबरच्या पावसाआधी गच्ची झाडून रेती धुवा.

१०० चौरस मीटर गच्चीवर १ सेंमी पाऊस म्हणजे १,००० लिटर पाणी! थोडे वाया गेले तरी बाकीचे जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात विहिरीला तेच आधार देते.