शेरा कोणाच्या गुणपत्रिकेवर पडणार?

दहावीला गणित आणि विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, अशी तरतूद राज्याच्या 2024 च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात आली. गणितात अडकला म्हणून पोराचे शिक्षणच सुटू नये, हा हेतू वाईट नाही. फेरपरीक्षेचा पर्यायही ठेवला आहे. परंतु या सवलतीला शेपूट आहे. 20 ते 35 च्या दरम्यान गुण मिळवणाऱ्याच्या गुणपत्रिकेवर, त्याला यापुढे गणित व विज्ञान घेता येणार नाही, असा शेरा पडेल. नवा अभ्यासक्रम आला की हे लागू होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. हा शेरा कोणाच्या पोरांवर बसणार, हा खरा प्रश्न आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हा प्रश्न थेट भाकरीचा आहे. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला, पुढे टेल्को आली, बजाज आली, 2009 साली चाकणला फोक्सवॅगन आली. दुष्काळाने आणि जातीने गावाबाहेर ढकललेला आपला माणूस या धुराड्यांच्या सावलीत वस्ती करून राहिला. बापाला कायम नोकरी मिळाली असेल. पोराच्या वाट्याला मात्र कंत्राटदाराचे कार्ड येते. या कारखान्यांत प्रत्येक सुटा भाग गेजने तपासला जातो, मापे तक्त्यावर मांडली जातात, त्यांची सरासरी आणि चढउतार पाहिला जातो. तो तक्ता ज्याला वाचता येतो त्याला क्वालिटी विभागाचे दार किलकिले होते. ज्याला येत नाही तो हेल्पर म्हणून माल उचलतो. दहावीच्या पुस्तकातला सांख्यिकीचा धडा असा पगाराशी जोडलेला आहे.

हा तक्ता 1924 साली वॉल्टर शेवार्ट या अमेरिकन संशोधकाने मांडला. त्याचे सार साधे आहे. माल एकसारखा बिघडू लागला तर कामगाराच्या नावाने बोटे मोडू नका. यंत्र, कच्चा माल आणि कामाची पद्धत तपासा. रिजेक्शन वाढले म्हणून मापाची मर्यादा सैल करून मालावर ‘दुय्यम’ असा शिक्का मारणाऱ्या इंजिनिअरला कोणताही कारखाना ठेवणार नाही. मग शाळेत नेमके तेच कसे चालते? पोरे गणितात अडकतात तेव्हा शिक्षक आहेत का, वर्गात मुले किती आहेत, घरी अभ्यासाला जागा आहे का, हे तपासायला नको का? ते न तपासता गुणांची रेषा खाली ओढायची आणि पोराच्या कपाळावर शेरा मारायचा, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

गुण म्हणजे बुद्धीचे अचूक माप, असे मानणाऱ्यांनी बोर्डाचेच आकडे पाहावेत. 2018 साली दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले आणि निकाल 77.10 टक्क्यांवर घसरला. ते गुण परत दिल्यावर 2020 साली निकाल 95.30 टक्के झाला. 2021 साली कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा 99.95 टक्के. महाराष्ट्राची पोरे एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली काय? बदलली ती मोजपट्टी. ज्यांच्या हाती मोजपट्टी आहे तेच गुणवत्तेची भाषा सर्वांत मोठ्याने बोलतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

खुद्द सांख्यिकीत आपण पोरांकडून अपेक्षा तरी काय ठेवतो? वारंवारता सारणी भरा, गृहीतमध्य पद्धतीने मध्य काढा, आयतालेख काढा, पायरीनुसार गुण घ्या. त्या मध्याचा अर्थ काय, हे फारसे कोणी विचारत नाही. समजा, एका ठिकाणी 9 कंत्राटी कामगार महिना 15 हजारांवर आहेत आणि एक मॅनेजर 3 लाखांवर. त्यांचा मध्य साडेत्रेचाळीस हजार येतो. मध्यक मात्र 15 हजारच. श्रीमंत महापालिका म्हणून मिरवणाऱ्या शहरात सरासरीच्या आड काय दडते, हे झोपडपट्टीतल्या पोराला या एका उदाहरणातून कळेल. कदाचित म्हणूनच असा प्रश्न परीक्षेत येत नसावा!

बाबासाहेबांना आकड्यांची ही ताकद पुरती ठाऊक होती. 1927 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी हिशोब मांडला: सरकार शिक्षणावर डोईमागे 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून डोईमागे दोन रुपयांहून अधिक वसूल करते. त्यावर सरकारला उत्तर देणे जड होते. हेच बाबासाहेब 1907 साली मॅट्रिकला 750 पैकी 282 गुणांनी, म्हणजे 37.6 टक्क्यांनी उत्तीर्ण झाले होते. त्यांच्या गुणपत्रिकेवर ‘पुढे अमुक विषय घेऊ नये’ असा शेरा मारला असता तर? रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ देशाला मिळाला असता काय?

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. गुणपत्रिकेवरचा शेरा ही त्याच श्रेणीची नवी पायरी ठरू शकते. म्हणून मागणी स्पष्ट हवी. नापास होणाऱ्या पोराला पुढे जाऊ द्या, पण शेऱ्याविना. महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांतली गणित शिक्षकांची रिक्त पदे भरा. मागे पडलेल्यांना आठवीपासूनच जादा वर्ग द्या. आणि सरकार ऐकेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. कारखान्यात तक्ते वाचणारे आपले शेकडो कामगार आणि डिप्लोमाधारक तरुण आहेत. त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी बुद्धविहारात गणिताचा वर्ग घ्यावा. जयंतीच्या खर्चातला काही भाग त्यासाठी राखून ठेवावा. आकडे वाचता येणाऱ्या समाजाला शेऱ्याने अडवणे सोपे नसते.